खिडकी का गोठते?

सी-शार्प किंवा व्हीबी डॉटनेटमध्ये शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींच्या कोडमध्ये एक ओळ पुष्कळदा सापडते. फॉर्म उघडतानाच्या भागात, अगदी वर. ‘चेक फॉर इल्लीगल क्रॉस थ्रेड कॉल्स’ अशा लांबलचक नावाच्या गुणधर्माला तिथे ‘फॉल्स’ करून टाकलेले असते. का लिहिली, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘‘एरर येत होती सर, ही टाकली की येत नाही.’’ एरर काय होती? एका थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या एका कामाने, बनवलेल्या कंट्रोलला दुसऱ्याच थ्रेडने हात लावला, हे चालणार नाही, अशी. मुलांचे म्हणणे खरेच असते. ओळ टाकली की एरर थांबते. पण थांबते ती फक्त तक्रार. ज्या गोष्टीबद्दल तक्रार होती ती तशीच चालू राहते.

पडद्यावरच्या खिडकीला, बटणाला, यादीला एकाच थ्रेडने हात लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे निरोप ठेवायचा, हा नियम आज विंडोजमध्ये आहे, मॅकमध्ये आहे, अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आहे, जावात आहे, क्यूटीत आहे, ब्राउझरमध्येही आहे. एकमेकींशी हाडवैर असलेल्या कंपन्या वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या वाटांनी याच जागी येऊन थांबल्या. हा नियम कुणा एकाने एका दिवशी लिहिलेला नाही. तो मोडून पाहणारे हुशार लोक होते आणि त्यांनी तो मनापासून मोडून पाहिला. तो कसा घडला याचा हा मागोवा.

सेवाग्रामात बसून तो घ्यावासा वाटला त्यालाही कारण आहे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथे उभे केले. त्याचे कस्तुरबा रुग्णालय आज वर्धा जिल्ह्यापुरते राहिलेले नाही. यवतमाळ, चंद्रपूरपासून थेट आदिलाबादपर्यंतचे रुग्ण इथे येतात. पुढे या रुग्णालयात सी-डॅकने तयार केलेली रुग्णालय माहिती प्रणाली आली आणि केसपेपर, रिपोर्ट, औषधे यांचा संबंध संगणकाच्या पडद्याशी जुळला. आणि याच सेवाग्रामात 1983 पासून बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एकाच गावात पडद्यावर अवलंबून असलेले रुग्णही आहेत आणि उद्या पडदे लिहिणारी मुलेही. रुग्णालय व्यवस्थापन हा प्रकल्पांचा आवडता विषय असतो तो सगळ्याच महाविद्यालयांत. पण इथे त्या विषयाचे खरे रूप पाहायला एसटीसुद्धा पकडावी लागत नाही.

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाची सकाळची केसपेपरची खिडकी डोळ्यांपुढे आणा. बाहेर रांग. आत एक कारकून, त्याच्यापुढे एक नोंदवही. तो एकेकाला पुढे घेतो, नाव, गाव, वय विचारतो, लिहितो, कागद देतो, पुढच्याला हाक मारतो. इथे दोन गोष्टी बिघडू शकतात. तो लिहीत असतानाच मागून दुसरा कर्मचारी आला आणि त्याच पानावर स्वतःच्या नोंदी करू लागला, तर कुणाचे वय कुणाच्या नावापुढे पडेल याचा नेम नाही. आणि रांगेतल्या एखाद्याने मागच्या महिन्याचा रिपोर्ट मागितला म्हणून कारकून स्वतःच उठून प्रयोगशाळेत गेला, तर वही बिनचूक राहील, पण रांग उभीच्या उभी राहील.

यूआय थ्रेड, म्हणजे पडदा सांभाळणारा थ्रेड, हा तो कारकून. कळ दाबली, माऊस हलला, खिडकी पुन्हा रंगवायची आहे, असा प्रत्येक निरोप एका रांगेत येतो. यूआय थ्रेड एकेक उचलतो, त्याचे काम करतो, पुढचा उचलतो. यालाच मेसेज लूप किंवा इव्हेंट लूप म्हणतात. दुसऱ्या थ्रेडने मध्येच हात घातला की पडद्यावरची माहिती चुकू शकते किंवा प्रोग्रॅम कोसळू शकतो. यूआय थ्रेडच डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत बसला की खिडकी गोठते, शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पाँडिंग’ येते आणि ‘हँग झालं’ असा शब्द टेबलापलीकडे ऐकू जातो. म्हणून नियमाला दोन अंगे आहेत: पडद्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि ज्याने लावायचा त्याने कुणासाठी थांबून राहायचे नाही. पहिले अंग मोडले तर एरर येते, म्हणून ते शिकवले जाते. दुसरे मोडले तर एरर येत नाही, नुसता माणूस खोळंबतो. आणि माणसाचा खोळंबा कंपायलरला दिसत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

या नियमाचे मूळ पडद्यापेक्षा जुने आहे. एकाच स्मृतीवर दोन कामे एकाच वेळी चालली तर एकाने दुसऱ्याच्या पायात पाय घालू नये म्हणून काय करायचे, हा प्रश्न एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये काटेकोर रूपात मांडला. 1974 मध्ये टोनी होर यांनी ‘मॉनिटर’ची कल्पना सविस्तर मांडली, पेर ब्रिंच हॅन्सन यांचेही त्यात मोठे काम आहे. माहिती आणि तिच्यावर काम करणारा कोड एका खोलीत ठेवा, आणि खोलीत एका वेळी एकालाच येऊ द्या. जावामधला ‘सिंक्रोनाइझ्ड’ हा शब्द याच मॉनिटरचा वंशज.

पडद्याशी या विचाराची गाठ पडली ती कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत. 1973 मध्ये तिथे आल्टो हा माऊस आणि चित्रमय पडदा असलेला संगणक तयार झाला. तिथल्याच मेसा या भाषेत थ्रेड आणि मॉनिटर भाषेचाच भाग होते. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी 1980 मध्ये त्या अनुभवावर लिहिलेला निबंध अजून अभ्यासक्रमांत वाचला जातो. मेसातून पुढे सीडर निघाले, आणि त्यात तर खिडक्या, संपादक, टपाल असे सगळे थ्रेडांनी गजबजलेले. म्हणजे सुरुवातीच्या या चित्रमय पडद्यांमागे एकच थ्रेड नव्हता. होते ते अनेक. एकच थ्रेड हा गरिबांचा तात्पुरता उपाय आणि अनेक थ्रेड ही पुढची पायरी, असे जे समजले जाते ते या इतिहासाशी जुळत नाही.

पार्कच्याच मंडळींनी 1993 मध्ये अशा प्रणालींतला थ्रेडांचा वापर तपासला. त्यांना थ्रेडच्या वापराचे जे प्रकार आढळले त्यांतल्या एकाचे काम केवळ डेडलॉक चुकवणे हे होते. खिडकीची सीमा हलवणाऱ्या कोडकडे काही कुलपे, म्हणजे एका वेळी एकालाच आत घेणारे लॉक, असत, पण रंगवायला लागणारी सगळी नसत; ती तिथेच मागायला गेले तर दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकायचे. म्हणून रंगवण्याचे काम नव्या थ्रेडकडे टाकून हा कोड बाहेर पडे. ‘मी आत्ता करत नाही, नंतर कुणीतरी करेल’ असे म्हणून निरोप ठेवण्याची ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तीच नियम झाली.

जानेवारी 1984 मध्ये मॅकिंटॉश आला तो 128 किलोबाइट स्मृती घेऊन. एवढ्या जागेत थ्रेडची चैन शक्य नव्हती. प्रोग्रॅम एक, लूप एक; प्रत्येक फेरीत पुढची घटना मागायची आणि तिचे काम करायचे. काम लांबले की कर्सरच्या जागी मनगटी घड्याळ. नोव्हेंबर 1985 मधल्या पहिल्या विंडोजचाही साचा हाच, फक्त घड्याळाऐवजी वाळूचे घड्याळ. त्या विंडोजमध्ये अनेक प्रोग्रॅम चालत, पण एकमेकांच्या सौजन्यावर: ज्याच्याकडे प्रोसेसर आहे त्याने पुढचा निरोप मागितला तरच दुसऱ्याची पाळी. एकाने लूपमध्ये लांब हिशोब सुरू केला की सगळा पडदा थिजे.

या काळात डेस्कटॉपवर खोळंबा होत होता, जीव जात नव्हता. त्याच वर्षांत, 1985 ते 1987 मध्ये, अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांत थेराक-25 या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. हा प्रसंग डेस्कटॉपचा नाही, पण पडद्याचा नक्की आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

1986 च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी, यंत्र चालवणाऱ्या अनुभवी ऑपरेटरने उपचाराचा प्रकार भरताना ‘ई’ऐवजी ‘एक्स’ ही कळ दाबली. इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरण. चूक लगेच लक्षात आली. कर्सर वर नेऊन तिने ती दुरुस्त केली आणि झरझर खाली आली. पडद्यावर सगळे बरोबर दिसत होते. पण कळफलकाचे काम सांभाळणारा भाग आणि यंत्र मांडणारा भाग ही दोन कामे समांतर चालत, आणि दोघांमध्ये काही सामायिक स्मृती होती, तिच्यावर पहारा नव्हता. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे 8 सेकंद लागत. त्या 8 सेकंदांच्या आत केलेली दुरुस्ती पडद्याला कळली, यंत्राच्या मांडणीला पूर्णपणे कळली नाही. शक्ती एका प्रकाराची आणि यंत्राची स्थिती दुसऱ्या प्रकाराची, अशा अवस्थेत किरण सुटले. पडद्यावर ‘मालफंक्शन 54’ एवढेच उमटले. तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी तसाच दुसरा अपघात झाला. मग तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्याच ऑपरेटरला बसवून पुन्हा पुन्हा तीच कळ, तीच दुरुस्ती, तोच वेग असे करून दोष हाती धरला. हळू टायपिंग केले की तो दिसायचाच नाही.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी 1993 मध्ये या अपघातांचा सविस्तर तपास प्रसिद्ध केला. पडदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा असे माझे ठाम मत आहे. त्यातून कळते ते असे की अशा चुका हाताच्या वेगावर अवलंबून असतात. लिहिणारा चाचणी घेताना शांतपणे एकेक कळ दाबतो. ज्याला रोज शंभर नोंदी करायच्या आहेत त्याचा हात वेगळा चालतो.

डेस्कटॉपकडे परत येऊ. डिसेंबर 1987 मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओएस/2 आणली. तिच्यात खरे थ्रेड होते. पण पुढच्या वर्षी तिच्यावर प्रेझेंटेशन मॅनेजर हा खिडक्यांचा थर आला तेव्हा सगळ्या प्रणालीची कळफलक-माऊसची रांग एकच ठेवली गेली. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता: वापरणाऱ्याने ज्या क्रमाने कळा दाबल्या त्याच क्रमाने त्या योग्य खिडकीकडे जाव्यात. परिणाम मात्र असा की एखाद्या प्रोग्रॅमने आपला निरोप उचलला नाही की सगळ्यांचाच माऊस थांबे. म्हणून प्रोग्रॅमरांना एक शिस्त सांगितली गेली: कुठल्याही निरोपाचे काम सेकंदाच्या दहाव्या भागात संपवा, जास्त लागणार असेल तर ते दुसऱ्या थ्रेडकडे द्या. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. आयबीएमचेच रॉबर्ट मिलर यांनी 1968 मध्ये लिहून ठेवले होते की कळ दाबल्यावर 0.1 सेकंदात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. नियमाचे दुसरे अंग, ‘कुणासाठी थांबून राहू नका’, मला सर्वांत स्पष्ट लिहिलेले दिसते ते इथे. तिथे ते निव्वळ शिस्तीवर सोडलेले होते, म्हणून ते पाळले गेले नाही.

जुलै 1993 मध्ये डेव्ह कटलर यांच्या गटाने बांधलेली विंडोज एनटी आली. तिच्यात प्रत्येक थ्रेडला स्वतःची निरोपांची रांग मिळाली, आणि ज्या थ्रेडने खिडकी बनवली त्याच थ्रेडच्या रांगेत तिचे निरोप जातील हे पक्के झाले. एक प्रोग्रॅम अडकला तरी बाकीचे चालू राहू लागले. पुढे एक्सपीच्या काळात अडकलेल्या खिडकीच्या जागी तिची प्रतिकृती दाखवायची सोय आली, म्हणजे निदान ती बाजूला सरकवता, बंद करता यावी. खिडकीने 5 सेकंद निरोप उचलला नाही की विंडोज तिला अडकलेली धरते. ‘नॉट रिस्पाँडिंग’ हे शब्द तिथून येतात.

आपल्याकडे गावोगावच्या संगणक वर्गांत हा इतिहास पोचला तो व्हिज्युअल बेसिकमधून. 1991 मध्ये सुरू झालेली ही भाषा 1998 च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत दुकानांच्या बिलांपासून पतसंस्थांच्या खात्यांपर्यंत सगळीकडे पसरली. तिच्यात थ्रेड जवळजवळ नव्हतेच. लांब काम चालू असताना फॉर्म गोठू नये म्हणून लूपमध्ये ‘डू इव्हेंट्स’ लिहायची सवय सगळ्यांना लागली. तो शब्द म्हणतो: माझे काम तसेच ठेव, रांगेतले निरोप आधी उरकून ये. ऐकायला सोयीचे आहे. पण त्या उरकण्यात वापरणाऱ्याने ‘सेव्ह’ हे बटण पुन्हा दाबले असेल तर तेच काम पहिले संपायच्या आत दुसऱ्यांदा सुरू होते. एकाच पावतीच्या दोन नोंदी, एकाच रुग्णाला दोन क्रमांक. थ्रेड एकच असूनही गोंधळ दोन थ्रेडांचा. आजही कोडमध्ये ‘डू इव्हेंट्स’ दिसले की मी तिथेच थांबून वाचतो.

नियम मोडून पाहणाऱ्यांत मला सर्वांत आदर वाटतो तो बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांबद्दल. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी 1990 मध्ये बी ही कंपनी काढली. 1995 मध्ये तिचा संगणक आला. त्यावरच्या बीओएसमध्ये प्रत्येक खिडकीला स्वतःचा थ्रेड होता. एक खिडकी कामात गुंतली तरी शेजारची लोण्यासारखी सरके. त्या काळच्या यंत्रांवर एकाच वेळी अनेक चित्रफिती चालवून दाखवल्या जात. पण किंमत प्रोग्रॅमरने मोजायची होती. साधा दोन खिडक्यांचा प्रोग्रॅमही पहिल्या दिवसापासून अनेक थ्रेडांचा, आणि कुलपांचा क्रम चुकला की डेडलॉक. दुसरीकडून प्रोग्रॅम आणणाऱ्यांची इथे दमछाक झाली. 2001 मध्ये कंपनीची मालमत्ता पामने घेतली. हायकू नावाने तो विचार अजून जिवंत आहे. आणि हेही नोंदवायला हवे की बीओएसमध्येसुद्धा एका खिडकीला एकच थ्रेड होता. कुणीही यावे आणि कुठल्याही खिडकीला विनाकुलूप हात लावावा, असे त्यांनीही म्हटले नाही.

ते स्वप्न जावाने पाहिले. जानेवारी 1996 मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्या एडब्ल्यूटी या पडद्याच्या संचाचा हेतूच असा होता की कुठल्याही थ्रेडने कुठल्याही बटणाला हाक मारावी. कुलपे संच स्वतः सांभाळेल. थ्रेड आणि मॉनिटर भाषेतच होते, म्हणून हे शक्य वाटले. प्रत्यक्षात डेडलॉक आणि क्वचितच दिसणारे दोष पाठ सोडेनात. दोनच वर्षांनी, 1998 मध्ये, स्विंग आले आणि त्याच कंपनीने, त्याच भाषेत, उलट नियम लिहिला: घटक एकदा पडद्यावर आला की त्याला फक्त इव्हेंट डिस्पॅच थ्रेडनेच हात लावायचा. बाकीच्यांनी ‘इन्व्होक लेटर’ म्हणून निरोप ठेवायचा. सुरुवातीला एक सवलत होती, पडद्यावर यायच्या आधी घटक कुठेही बनवा. पुढे क्वचित डेडलॉक दिसले तेव्हा तीही काढली आणि बनवायचे कामही त्याच थ्रेडवर करा असे सांगितले गेले. लांब कामांसाठी ‘स्विंग वर्कर’ मात्र जावात अधिकृतपणे यायला 2006 उजाडले. नियमाचे पहिले अंग 1998 चे, दुसरे पाळायचे साधन आठ वर्षांनंतरचे. मधल्या काळात जे स्विंग शिकले त्यांच्या खिडक्या का गोठत, याचे उत्तर या अंतरात आहे.

हे स्वप्न का फसले, याचे मला पटलेले उत्तर सन मायक्रोसिस्टिम्सच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी 2004 मध्ये दिले. माऊसची टिचकी खालून वर येते: आधी ऑपरेटिंग सिस्टिमला कळते, तिच्याकडून खिडकीला, खिडकीकडून पॅनेलला, मग बटणाला, आणि शेवटी तुमच्या कोडला. प्रोग्रॅमची इच्छा वरून खाली जाते: तुमचा कोड बटणाला सांगतो, बटण पॅनेलला, पॅनेल खिडकीला, खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमला. प्रत्येक थरावर कुलूप ठेवले तर टिचकी घेऊन वर निघालेला थ्रेड आणि बदल घेऊन खाली निघालेला थ्रेड मधल्या जिन्यात समोरासमोर येतात. एकाच्या हाती खिडकीचे कुलूप, त्याला बटणाचे हवे. दुसऱ्याच्या हाती बटणाचे, त्याला खिडकीचे हवे. दोघेही मागे हटत नाहीत. कुलपे नेहमी एकाच क्रमाने घ्या हा डेडलॉकवरचा जुना उपाय इथे लागू पडत नाही, कारण दोन्ही दिशा न्याय्य आहेत. माणूस एका टोकाने आत येतो, हिशोब दुसऱ्या टोकाने. हुशारी कमी पडली म्हणून हे स्वप्न फसले नाही. पडदा आहेच तसा. पार्कमधल्या लोकांना खिडकीची सीमा हलवताना जे जाणवले होते ते हेच.

मायक्रोसॉफ्टने 2002 मध्ये डॉटनेट आणले, ‘इन्व्होक’ दिले आणि नियम पुस्तकात लिहिला. लोकांनी तो मोडला आणि बहुतेकदा काही झाले नाही, म्हणून आणखी मोडला. नोव्हेंबर 2005 च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन गोष्टी आल्या: लांब कामासाठी ‘बॅकग्राउंड वर्कर’, आणि नियम मोडला की तिथेच थांबवणारा पहारा. तोच तो लांबलचक नावाचा गुणधर्म. आता या पहाऱ्याची एक बाब, जी फार थोड्यांना माहीत असते. तो आपोआप चालू असतो फक्त डीबगर जोडलेला असताना. प्रयोगशाळेत एफ-5 दाबून चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये एरर येईल. तोच प्रोग्रॅम सेटअप करून दुसऱ्या यंत्रावर बसवला की येणार नाही. म्हणजे ‘फॉल्स’ची ओळ लिहिणारा विद्यार्थी ग्राहकाच्या यंत्रावर काहीच वाचवत नसतो, कारण तिथे पहारा मुळातच नसतो. तो स्वतःच्या टेबलावरचा एकुलता एक इशारा बंद करत असतो. पुढच्या वर्षी आलेल्या डब्ल्यूपीएफ या पडद्याच्या नव्या संचात हा पहारा कायमचा चालू ठेवला गेला, ते बरे केले.

बाकीच्यांचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तो त्याच दिशेने झाला. पडद्याच्या संचांपैकी क्यूटीने 2005 च्या चौथ्या आवृत्तीत एका थ्रेडचा सिग्नल दुसऱ्याच्या रांगेत टाकायची सोय केली. जीटीकेने वर्षानुवर्षे एक जागतिक कुलूप बाळगले आणि 2012 मध्ये ते वापरू नका असे सांगितले. ब्राउझरमध्ये पानामागे चालणाऱ्या वर्कर थ्रेडांना पानाला हात लावताच येत नाही. आणि अँड्रॉइडने दुसऱ्या अंगालाही दात दिले: 2011 च्या हनीकोंब आवृत्तीपासून मुख्य थ्रेडवर नेटवर्कचे काम केले की प्रोग्रॅम तिथेच अपवाद फेकतो, आणि टिचकीला 5 सेकंद उत्तर मिळाले नाही तर वापरणाऱ्यापुढे थेट तक्रारीची चौकट येते. ओएस/2 ने जे शिस्तीवर सोडले होते ते इथे प्रणालीने स्वतःकडे घेतले. माणसाचा खोळंबा हीसुद्धा एरर आहे, हे पहिल्यांदा इतक्या ठणठणीतपणे म्हटले गेले.

2012 मध्ये सी-शार्पच्या पाचव्या आवृत्तीत ‘एसिंक’ आणि ‘अवेट’ आले आणि नियम पाळणे बरेच सोपे झाले. ‘अवेट’पाशी मेथड थांबते, थ्रेड थांबत नाही, तो रांगेतले पुढचे निरोप उचलत राहतो आणि उत्तर आले की उरलेला भाग त्याच यूआय थ्रेडच्या रांगेत परत येऊन पडतो. ज्यांनी डेलिगेट आणि इन्व्होकच्या जंजाळात रात्री काढल्या आहेत त्यांना याचे मोल कळेल. पण जुने दुखणे इथेही दार शोधते. घाईत कुणी ‘अवेट’ऐवजी त्या टास्कचा, म्हणजे सुरू केलेल्या कामाचा, ‘रिझल्ट’ यूआय थ्रेडवरच मागतो. यूआय थ्रेड टास्क संपायची वाट पाहतो, टास्कचा उरलेला भाग यूआय थ्रेड मोकळा व्हायची. खिडकी गोठते, ती कायमची, आणि कुठेही एरर नाही.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की प्रकल्प तपासताना फॉर्म किती, तक्ते किती, रिपोर्ट किती हे मोजून थांबू नका. नेटवर्कची तार काढा आणि ‘सर्च’ दाबा. खिडकी हलवता येते का पाहा. ‘सेव्ह’ दोनदा, तीनदा, भराभर दाबा आणि तक्त्यात नोंदी किती पडल्या ते पाहा. डीबगरशिवाय चालवून पाहा. एवढ्याने कळते की नियमाची दोन्ही अंगे मुलाला समजली आहेत की नाहीत. तोंडी परीक्षेत ‘थ्रेड म्हणजे काय’ याची व्याख्या विचारून ते कळत नाही.

आणि मुलांना: उद्या तुमचा पडदा एखाद्या रुग्णालयात, तहसीलीत, बाजार समितीत लागेल आणि त्याच्यापुढे तुमच्यापेक्षा जलद हात चालवणारा माणूस बसलेला असेल. आज घरी गेल्यावर आपल्या प्रकल्पात ती ‘फॉल्स’ची ओळ शोधा. सापडली तर काढून टाका, आणि डीबगर ज्या ओळीवर थांबेल तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.